डिग्री झाल्यावर आर्किटेक्टला शिकवायचं कुणी? विद्यापीठं यात कुठे आहेत?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. सांगलीत छोटं ऑफिस आहे माझं, बंगले, शाळा, होस्टेल, मधूनच एखादं हॉस्पिटल असली कामं असतात. विषय बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय, प्रॅक्टिस करणारे आणि कॉलेजात शिकवणारे दोघांनीही बोला.

बी.आर्क. पाच वर्षांचं, ते झालं की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे रजिस्ट्रेशन, आणि त्यानंतर आयुष्यभर तुम्हाला अजून काय येतंय हे कुणी विचारत नाही, फी वेळेवर भरली की झालं. मधल्या काळात बदललं किती बघा. २०१६ ला रेरा (घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) आला आणि काम किती टक्के झालंय याच्या दाखल्यावर आपली सही लागायला लागली, त्याच वर्षीचा नॅशनल बिल्डिंग कोड नवा, २०१७ चं ईसीबीसी (इमारतींत ऊर्जा वाचवायचा कोड), २०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता, २०२० च्या डिसेंबरात यूडीसीपीआर (एकत्रित बांधकाम नियमावली) आलं आणि जुनी डीसी रूल्सची पुस्तकं रद्दीत गेली, २०२१ ला सुगम्यतेच्या नव्या गाइडलाइन्स. यातलं एकही माझ्या वेळी सिलॅबसमध्ये असणं शक्यच नव्हतं.

मग शिकतो कुठे? तर हॉटेलच्या हॉलमध्ये. टाइल्सवाले, वॉटरप्रूफिंगवाले, काचवाले, ब्लॉकवाले, संध्याकाळी ७ ला प्रेझेंटेशन, ९ ला जेवण. त्यातून काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही, पण तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं, प्रश्न नंतर येतो.

यावर्षीचंच सांगतो. एका शाळेच्या ट्रस्टनं विचारलं, एएसी ब्लॉक (हवेच्या छिद्रांचा हलका सिमेंटचा ब्लॉक) घ्यायचा की आपल्या नदीकाठच्या भट्टीची वीट, वर्ग कशात थंड राहील आणि किती? साधा प्रश्न आहे. ब्लॉकवाल्याच्या पत्रकात ब्लॉकचा आकडा आहे, विटेच्या बाजूला जो आकडा छापलाय तो कुठल्या गावच्या कुठल्या विटेचा याचा पत्ता नाही. म्हणून एका आर्किटेक्चर कॉलेजला फोन केला, त्यांच्याकडे टेम्परेचरचे लॉगर (ठराविक वेळानं तापमान नोंदवणारी यंत्रं) आहेत हे मला माहीत होतं. म्हटलं भाडं घ्या, नाहीतर तुमची मुलं पाठवा, आमच्या चालू शाळेत दोन वर्ग मोजू. उत्तर आलं, ते विद्यार्थ्यांसाठी आहेत, बाहेरच्यांना द्यायची पद्धत नाही. बोलणारे सर भले होते, त्यांनाही द्यायचं होतं, पण कुठल्या कागदावर द्यायचं हेच त्यांना कळेना.

तर माझा प्रश्न असा की प्रॅक्टिसमधल्या आर्किटेक्टचं शिक्षण हे विद्यापीठांचं काम आहे की नाही? असेल तर त्यांनी नेमकं काय द्यावं? माझ्या मते लेक्चर नको. विकायला काही नसलेला, मोजायची साधनं असलेला आणि आपल्या भागातला असा एकच घटक आहे, तो म्हणजे कॉलेज.

रेघोटी

घाटमाथा, चांगला धागा. मी पुण्यात शिकवते, आधी दहाएक वर्षं ऑफिसात काम केलंय त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

तुम्हाला जे उत्तर मिळालं ते का मिळालं ते आधी सांगते, म्हणजे त्या सरांवर कुणी चिडणार नाही. संलग्न कॉलेजात आमचा वर्कलोड मोजला जातो तो बी.आर्क. आणि एम.आर्क.च्या तासांवर. बाहेरच्या आर्किटेक्टला दोन तास दिले तर ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. एखादं यंत्र बाहेर गेलं आणि मोडलं तर स्टॉक रजिस्टरवर सही असते लॅब इनचार्जची, तो कशाला जोखीम घेईल. म्हणजे इच्छा असूनही गाडी अडते ती रकान्यापाशी.

कायद्यात जागा नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन आणि विस्ताराची सोय आहे, बऱ्याच विद्यापीठांत त्याचा वेगळा विभागसुद्धा आहे. फक्त तिथून व्यावसायिकांसाठी काही करावं, त्यातही आर्किटेक्टसाठी, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. कौन्सिलचं ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर इथे पुण्यातच आहे पण तिथले बरेचसे कार्यक्रम आम्हा शिक्षकांसाठी असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे २०२१ पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, त्यात मिळवलेलं क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतं. कल्पना करा की एम.आर्क.चा एकेक विषय बाहेरच्या आर्किटेक्टसाठी खुला केला, शनिवारी वर्ग, तुम्ही यावर्षी बिल्डिंग फिजिक्स केलं, पुढच्या वर्षी कॉन्झर्व्हेशन, आणि वाटलंच तर पुढे डिग्री पुरी केली. सांगलीच्या माणसाला दोन वर्षं ऑफिस बंद करून एम.आर्क. करणं जमणार नाही, पण बारा शनिवार जमतील. त्यासाठी कौन्सिल आणि विद्यापीठ दोघांनी एकत्र बसून नियम करायला हवेत. आज तसं होत नाही.

आणि हो, भारतात हे होतंय तिथे होतंय. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात बिल्डिंग सायन्सचं केंद्र आहे, त्यांनी आपल्याकडच्या भिंतींचे प्रकार घेऊन, त्यात साधी भाजकी वीटही आली आणि एएसीही आला, उष्णता किती जाते ते लॅबमध्ये मोजून आकडे सगळ्यांसाठी खुले केलेत. तुमच्या ट्रस्टला दाखवायला ते पत्रकापेक्षा बरे. तरी तुमच्या भट्टीची वीट ती तुमच्याच भट्टीची, ती मोजावीच लागेल.

फाईलवाला

मुंबईतून. मी जरा विरोधात बोलणार आहे, राग नसावा.

ही चर्चा सुरू झाली की दोन वर्षांत त्याचं रूपांतर सक्तीत होतं हे मी बघितलंय. माझी बायको डॉक्टर आहे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात तेव्हा रजिस्ट्रेशन पुढे चालू राहतं. कल्पना उत्तम आहे, आणि ती मनापासून शिकते. पण ती स्वतःच सांगते की काही कॉन्फरन्समध्ये सकाळी नाव नोंदवायची रांग जेवढी लांब असते तेवढी दुपारी हॉलमध्ये माणसं नसतात. आर्किटेक्टच्या गळ्यात असं काही पडलं तर चंद्रपूर नंदुरबारच्या एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्याला पॉइंटसाठी पुण्या-मुंबईला यावं लागणार, हॉटेल, प्रवास, फी, साइट बंद, आणि हातात काय तर सर्टिफिकेट. मोठ्या ऑफिसांना फरक पडत नाही, ती पॉइंट विकत घेतील.

आणि स्पष्टच लिहितो, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या काही वर्षांत एखादी बिल्डिंग पायापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत नेलीय? मला मुंबईच्या डीसीपीआर २०३४ नियमावलीतला फंजिबल एफएसआय (प्रीमियम भरून मिळणारं जादा बांधकाम) कॉलेजात शिकायचा नाहीये, तो मला त्यांच्यापेक्षा जास्त येतो, रोजचंच आहे ते.

लीड्सकर

फाईलवाला, तुमची भीती खरी आहे हे इथे इंग्लंडमध्ये बसून सांगतो. मी मुंबईत शिकलो, आता बरीच वर्षं यॉर्कशायरमध्ये काम करतोय.

इथे आरआयबीए या आर्किटेक्टच्या संस्थेचा सभासद असाल तर वर्षाला ३५ तास सीपीडी (व्यवसायात असताना चालू ठेवायचं शिक्षण), त्यातले निदान २० तास त्यांनी ठरवून दिलेल्या दहा विषयांतून. हे जुनं आहे. नवीन म्हणजे आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डानं २०२४ पासून सगळ्याच नोंदणीकृत आर्किटेक्टना सीपीडी बंधनकारक केलं, रजिस्ट्रेशन टिकवायचं तर वर्षाचं रेकॉर्ड ठेवायचं. याच्या मुळाशी ग्रेनफेल टॉवरची आग आहे, जून २०१७, ७२ माणसं गेली, बाहेरून लावलेल्या क्लॅडिंगनं आग इमारतभर पसरवली, आणि चौकशीत हेच पुढे आलं की ते मटेरियल आगीत कसं वागतं ते डिझाइन करणाऱ्यांना, मंजूर करणाऱ्यांना नीट माहीतच नव्हतं. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं बोर्डाला हा अधिकार दिला.

गंमतीची नाही पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की माहितीचा मुख्य स्रोत इथेही बराच काळ कंपनीवालेच आहेत. दुपारी साडेबाराला प्रतिनिधी सँडविच घेऊन ऑफिसात येतो, पाऊण तास इन्सुलेशनवर बोलतो, आपला एक तास भरतो. म्हणजे घाटमाथांचा हॉटेलचा हॉल आणि इथलं सँडविच, माल तोच. नुसते तास मोजले की जो सगळ्यात स्वस्तात तास देतो तोच जिंकतो, आणि विद्यापीठ कधीच सगळ्यात स्वस्त नसतं.

मला स्वतःला बदलवलं ते एका विद्यापीठाच्या पार्ट-टाइम कोर्सच्या एका मॉड्यूलनं. विषय जुन्या घरांना इन्सुलेशन कसं करायचं. इथे शंभर-सव्वाशे वर्षांची भरीव विटांच्या भिंतींची घरं रांगेनं उभी आहेत, सगळ्यांना आतून इन्सुलेशन हवंय. पहिल्याच दिवशी सरांनी एका घरातून काढून आणलेलं लाकडी तुळईचं टोक टेबलावर ठेवलं, जे टोक भिंतीत बसलेलं असतं ते. बोटानं दाबलं तर भुसा पडत होता. आतून इन्सुलेशन केल्यावर भिंत थंड राहिली, आतली वाफ तिथे जाऊन पाणी झाली, त्यात बाहेरचे सांधे कुणीतरी चुना काढून सिमेंटनं भरलेले, पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, आणि ते सगळं लाकडाच्या टोकात मुरलं. मग आम्ही स्वतः चालू असलेल्या एकेका घराची भिंत घेऊन ओलाव्याचं गणित सॉफ्टवेअरवर चालवून बघितलं, आणि काहींनी आपलं ड्रॉइंग तिथल्या तिथे बदललं. हे कुठला इन्सुलेशन विकणारा दाखवणार? त्याच्या मालाच्या विरोधात जाणारी गोष्ट आहे ती.

म्हणून माझं मत असं की सक्ती कराच, पण तासांची करू नका. वर्षाला एक चालू काम घेऊन या आणि ते तपासून घ्या अशी काहीतरी अट ठेवा.

जांभ्या

लीड्सकर, चुन्याचं वाचून राहवलं नाही. मी बांदा-पेडणे पट्ट्यात काम करतो, अर्धं सिंधुदुर्गात अर्धं गोव्यात, जास्त करून जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं.

आमच्याकडे अगदी हेच चाललंय. चिऱ्याच्या भिंतीला मूळचा चुन्याचा गिलावा, तो पावसात भिजतो आणि उन्हात सुकतो. मालक म्हणतो खराब दिसतंय, कंत्राटदार तो खरवडतो आणि सिमेंट प्लास्टर मारतो, वर अॅक्रिलिक रंग. दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूनं फुगे येतात, मग म्हणतात जुनं घरच ओलं, पाडा. आणि पाडायची शिफारस करणारा कागद आपल्यापैकीच कुणीतरी देतो हो, कारण चुना कसा मळायचा, किती दिवस मुरवायचा, कुठल्या थरात वाळू किती हे आपल्याला शिकवलंच नाही. ज्यांना येतं ते गवंडी आता सत्तरीत आहेत. पणजीला अल्तिन्होवर आर्किटेक्चर कॉलेज आहे, १९८२ पासूनचं, इकडे मुंबई-पुण्यात तर कितीतरी. एखाद्या कॉलेजनं असे चार गवंडी आठवडाभर बोलावून, मान आणि मानधन देऊन, आम्हा वीस आर्किटेक्टना हात घालून काम करायला लावलं तर मी फी भरून पहिला येईन.

दुसरं, एक खजिना आहे त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मेजर्ड ड्रॉइंग! प्रत्येक कॉलेजची मुलं दरवर्षी टेप घेऊन गावोगाव जातात, वाडे, देवळं, घाट, धर्मशाळा मोजतात, शीट करतात, मार्क मिळतात आणि शीट माळ्यावर जातं. मी एका वाड्याच्या दुरुस्तीचं काम घेतलं तेव्हा मागची पडवी आणि माजघरावरचा माळा आधीच कोसळलेला होता. कुणाला तरी आठवलं की आमच्या ओळखीच्या एकीच्या बॅचनं हा वाडा कॉलेजात असताना मोजला होता. तिच्याकडे ट्रेसिंगची एक गुंडाळी निघाली, त्यात त्या माळ्याचा सेक्शन होता, तुळयांचे अंतर, कडीपाटाची जाडी, खांबाच्या उथळ्याचं माप, सगळं पेन्सिलीत. त्यावरून आम्ही माळा परत उभा केला. अशी हजारो शीटं असतील कॉलेजांत, काहींना वाळवी लागली असेल. ती स्कॅन करून गाववार यादी लावून आर्किटेक्टना बघायला द्या. आमच्या शिक्षणात विद्यापीठाचा याहून मोठा वाटा मला तरी सुचत नाही.

माळवद

मी आर्किटेक्ट नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर, लातूर. जांभ्याच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि एक जोड.

आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. घरं पडली ती का पडली हे मात्र आता लोक विसरलेत. दोन-दोन, अडीच फुटाच्या दगडी भिंती, पण बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि चिपा, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाची फूटभर माती. हादरा बसल्यावर पदर सुटले आणि माती खाली आली. त्याच वर्षी अशा कच्च्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक आलं, त्यात ठराविक अंतरावर थ्रू स्टोन (तोच आरपार दगड), कोपऱ्यात जोड, लिंटल पातळीला (दार-खिडक्यांच्या वर) पट्टा हे सगळं आकृत्यांसह आहे. पुनर्वसनाच्या काळात इंजिनीअर आणि गवंड्यांचं प्रशिक्षणही झालं, दुरुस्ती-मजबुतीकरण झालं. मग योजना संपली आणि शिकवणंही संपलं.

आता तीस वर्षांनी काय बघतो, तरुण आर्किटेक्ट येतात, त्यांना दगडाची घरं आवडतात, फार्महाऊसला दगडी भिंत हवी असते, आणि सेक्शनमध्ये थ्रू स्टोन नसतो. पोरं हुशार आहेत, पण १९९३ ला जन्मलीही नव्हती. सरकारी योजना येते-जाते, कंपनीला दगडात रस नाही, मग ही आठवण कुणी धरून ठेवायची? जी संस्था पन्नास वर्षं त्याच जागी राहते तिनं. बंगलोरला आयआयएससी या विज्ञान संस्थेत १९७४ ला अस्त्रा म्हणून केंद्र काढलं होतं, त्यांनी दाबून केलेल्या मातीच्या विटांवर वर्षानुवर्षं काम केलं, लॅबमध्ये तोडून बघितलं, मशीन बनवलं आणि बाहेरच्या लोकांना शिकवलं. आज तिकडे मातीच्या विटांची घरं एवढी दिसतात त्यात या कामाचा हात आहे. मराठवाड्यातल्या दगडासाठी असं कुणी केलं का? आमच्या भागातल्या विद्यापीठांनी हे घ्यायला हवं असं मला फार वाटतं.

फाईलवाला

माळवदसाहेब, जांभ्या, तुम्ही सांगताय ते वेगळंच आहे, त्याला माझा विरोध नाही. मला वाटलं होतं परत पीपीटी आणि सर्टिफिकेट. शीटं खुली करणं, लॅब खुली करणं, चालू काम तपासून घेणं, याला हो.

फक्त एक अट घाला, हे एका बाजूनं नको. आम्ही ज्युरीला (मुलांचं काम बघून प्रश्न विचारायला) जातो, पाचव्या वर्षाचा थिसिस बघतो, दिवसभर बसतो, मानधन नावापुरतं असतं, त्याचं काही नाही. त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा आमच्या कामाची ज्युरी कॉलेजनं ठेवावी. आम्ही ड्रॉइंग लावू, शिक्षक आणि मुलं प्रश्न विचारतील. ऑफिस काढल्यापासून माझ्या डिझाइनवर क्लायंट आणि कॉर्पोरेशन सोडून कुणी प्रश्न विचारलेला नाही, आणि त्या दोघांचे प्रश्न एफएसआय आणि पार्किंगचे. उजेड कुठून येतो हे मला शेवटचं विचारलं ते कॉलेजातल्या सरांनी.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. फाईलवाला, ज्युरीचं एकदम पटलं, आमच्या सांगली-कोल्हापूरच्या ग्रुपवर आजच टाकतो.

रेघोटी ताई, तुमच्या सांगण्यावरून त्या कॉलेजच्या सरांशी परत बोललो. त्यांना रकान्याचा मार्ग सापडलाय, तिसऱ्या वर्षाच्या क्लायमॅटॉलॉजीच्या असाइनमेंटमध्ये आमची शाळा केस स्टडी म्हणून घ्यायची, लॉगर मुलंच लावणार, कागदोपत्री ते विद्यार्थ्यांच्याच कामाला वापरले जाणार, आकडे दोघांना मिळणार. ट्रस्टनं येण्याजाण्याचा खर्च कबूल केलाय. एप्रिलमध्ये परीक्षा संपता संपता करायचं ठरतंय. मोजताना काय काळजी घ्यायची ते कुणी सांगेल का? सरसुद्धा वर्गाबाहेर पहिल्यांदाच करतायत.

रेघोटी

वा, फार बरं वाटलं! सांगते.

वर्ग निवडताना एकाच मजल्यावरचे आणि एकाच दिशेचे दोन घ्या, नाहीतर विटेचा फरक मोजायला जाल आणि पश्चिमेच्या उन्हाचा फरक मोजून याल. जुनी शाळा विटेची असेल आणि नवीन विंग ब्लॉकची, तर खिडक्यांची मापं आणि वरचं छप्पर सारखं आहे का ते आधी बघा. सगळ्यात वरचा मजला टाळा, तिथे उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते आणि भिंतीचा फरक त्यात बुडून जातो. (खरं तर वरच्या मजल्यासाठी ट्रस्टला भिंतीआधी स्लॅबचं सांगा. इको निवास संहितेत छपराची यू व्हॅल्यू (उष्णता किती आत येऊ देतं त्याचा आकडा) जास्तीत जास्त १.२ धरलीय आणि आपला नेहमीचा स्लॅब अधिक ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) साधारण त्याच्या दुप्पट जातो.)

लॉगर भिंतीला चिकटवू नका, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला, म्हणजे फरशीपासून मीटर-सव्वा मीटरवर, खोलीच्या मध्याकडे टांगा आणि ऊन थेट पडणार नाही असं बघा. एक लॉगर बाहेर सावलीत हवाच, त्याच्याशिवाय आतल्या आकड्यांना अर्थ नाही. दर १५ मिनिटांनी नोंद, निदान दोन आठवडे, शनिवार-रविवार धरून, कारण रिकामा वर्ग आणि चाळीस मुलांचा वर्ग यात खूप फरक येतो. पंखे कधी चालू, खिडक्या कधी उघड्या याची वही शिपाईमामांकडे द्या, ते नीट लिहितात. आणि तुमच्या भट्टीच्या चार-पाच विटा मुलांबरोबर पाठवून द्या, वजन आणि माप घेऊन घनता काढता येईल, एखाद्या लॅबनं कंडक्टिव्हिटी मोजायला घेतली तर तीही मिळेल.

आकडे आले की इथेच टाका, सगळे, फरक कमी निघाला तरी.